मालगुंडचे दामले मास्तर

थर्ड इयरच्या ओरल्स संपल्या आणि आमची गँग गणपतीपुळ्याला पळाली. दर्शन झालं, समुद्रात डुंबून झालं, उकडीचे मोदक चापून झाले. मग सगळे लॉजवर पत्ते कुटत बसले. मला पत्त्यांत गती नाही (मॅथ्समध्येही नाही, पण तो विषय वेगळा!), म्हणून मी एकटाच मालगुंडला गेलो. अगदी जवळ आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेनं १९९४ साली उभं केलेलं केशवसुतांचं स्मारक तिथं आहे. आत शिरताना मला त्यांच्याबद्दल माहीत होतं ते एवढंच – आधुनिक मराठी कवितेचे जनक, रिकाम्या जागा भरा, एक मार्क.

परत आल्यावर वाचनालयातून त्यांच्या कवितांचं पुस्तक आणलं. आणलं ते कवितांसाठी, पण अडकलो भलतीकडेच. बऱ्याच कवितांखाली बारीक अक्षरात गाव आणि तारीख छापलेली असते. आपल्या जर्नलवर असते ना, तशी. त्या तारखा जोडत गेलं की माणसाचं सगळं आयुष्य नकाशावर दिसायला लागतं.

नाव कृष्णाजी केशव दामले. जन्म १८६६ चा, मालगुंडचा. वडील केशवपंत शाळामास्तर, त्यांचा मुलगा म्हणून केशवसुत. शिक्षण एका जागी झालंच नाही. कोकण, बडोदा, वर्धा, नागपूर आणि शेवटी पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल. मॅट्रिक झाले तेव्हा विशी मागे पडली होती, लग्नही कधीच झालं होतं. केटीवाल्यांनी नोंद घ्यावी.

पुढे मुंबई. शाळांत मास्तरकी, तुटपुंजा पगार, आज इथे तर उद्या तिथे. घरी बायको, डोक्यावर संसार. आणि याच धबडग्यात कविता! १८९२ साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून त्यांनी इंग्रजीतला चौदा ओळींचा सॉनेट मराठीत आणला. दुसऱ्याच वर्षी ‘तुतारी’. तिच्याखाली मुंबई आणि मार्च १८९३ आहे. शाळेत आपण ती तारस्वरात म्हटली, पण ती लिहिणारा माणूस अबोल, भिडस्त, चारचौघांत मागे राहणारा होता. मला हे वाचून जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोला.

छापून येणं म्हणजे काय, तर कविता सुवाच्य उतरवायची, पोस्टात टाकायची आणि वाट बघायची. हरिभाऊ आपट्यांचं ‘करमणूक’ होतं, त्यात त्यांच्या कविता येत. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस ‘काव्यरत्नावली’ काढत. हे अख्खं मासिक फक्त कवितेला वाहिलेलं! आज कुणी काढून दाखवावं. तर असं एकेक करून छापून यायचं. या अंकात एक, मग काही महिन्यांनी दुसरी. आणि जुन्या वळणाच्या वाचकांना ही कविता ओबडधोबड वाटायची, ते वेगळंच.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दामले मास्तर मुंबई सोडून खानदेशात गेले. आधी भडगाव, मग फैजपूर. तिथे बरीच वर्षं मास्तरकी केली. १९०४ मध्ये धारवाडच्या सरकारी हायस्कुलात मराठीचे शिक्षक झाले. आता कुठे जरा स्थिर नोकरी मिळाली होती. पण नोव्हेंबर १९०५ मध्ये हुबळीला गेले असताना प्लेगनं गाठलंच. मुंबईत चुकवलेला प्लेग नऊ वर्षांनी हुबळीत आला. काही दिवसांतच बायकोही गेली. वय वर्षं एकोणचाळीस. नावावर पुस्तक – एकही नाही.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मग पुन्हा पहिलं पान उघडलं. हे पुस्तक मग आलं कुठून? तर कवी गेल्यावर बारा वर्षांनी, १९१७ साली, हरिभाऊ आपट्यांनी इकडेतिकडे पांगलेल्या कविता गोळा करून ते काढलं. सव्वाशेच्या वर कविता, बस्स. स्वतः हरिभाऊ एवढे मोठे कादंबरीकार, त्यांना कामं काय कमी होती? आणखी दोन वर्षांनी तेही गेले. त्यांनी हे आज-उद्या करत ठेवलं असतं तर? राम गणेश गडकरी स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवायचे, पण नंतरच्या पोरांनी चेला व्हायचं तरी कुणाचं?

आता मुद्द्याचं सांगतो. गेल्या वर्षी मी मॅगझिनच्या कमिटीत होतो. पानं कमी पडली, म्हणून कवितांचा गठ्ठा मीच बाजूला काढला. नंतर बघू म्हणून रूमवर नेला आणि रूम बदलताना तो गेला. फर्स्ट इयरचा एक मुलगा दोनदा विचारायला आला होता, त्याच्याकडे दुसरी कॉपी नव्हती. मी म्हणालो, अरे कवीच आहेस ना, दुसरी लिही! सगळे हसले. तोही हसला. नंतर त्यानं बॉक्समध्ये काही टाकलेलं मला दिसलं नाही.

मालगुंडहून आल्यावर मी दोन दिवस ट्रंक, ड्रॉइंगचे रोल, जुन्या झेरॉक्स, सगळं उपसलं. मेसवाल्या काकांच्या रद्दीतही हात घातला. पाच कविता सापडल्या, त्या याच अंकात पुढे छापल्या आहेत, गेल्या वर्षीच्या म्हणून. त्याची सापडली नाही. पाऊस आणि एस.टी. स्टँड असं काहीतरी होतं, एवढंच मला आठवतंय.

मित्रा, तू आता सेकंड इयरला असशील. आठवेल तशी लिहून दे. अर्धी आठवली तरी चालेल. कमिटीत मी या वर्षीही आहे, रूम नंबर नोटीस बोर्डावर लावलाय. आणि हो, खाली गाव आणि तारीख टाक.