निरपराधांच्या बाजूने उभा राहिलेला रहस्यकथाकार

शेरलॉक होम्स हे नाव ठाऊक नसलेला वाचक विरळाच. परंतु होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल यांनी स्वतः दोन खऱ्या खटल्यांचे पुरावे तपासून दोन निरपराध माणसांसाठी लढा दिला, हे त्या मानाने फार थोड्यांना माहीत असते. त्या दोघांपैकी एक, मूळच्या मुंबईच्या आणि पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेल्या धर्मोपदेशकाचा मुलगा होता.

डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील चार्ल्स सरकारी कचेरीत नोकरीस होते. हातात चित्रकला होती, पण मद्याच्या व्यसनाने त्यांची वाताहत झाली. अखेरची वर्षे त्यांनी मनोरुग्णालयात काढली व १८९३ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. घराचा गाडा आई मेरी यांनी ओढला. मुलाला गोष्टींची गोडीही त्यांनीच लावली.

एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेताना डॉ. जोसेफ बेल हे शल्यविशारद डॉयल यांना शिक्षक म्हणून लाभले. रोग्याची चाल, हात, कपडे न्याहाळून त्याचा व्यवसाय आणि पूर्वायुष्य अचूक सांगण्यात डॉ. बेल यांचा हातखंडा होता. होम्सच्या निरीक्षणशक्तीचे मूळ या वर्गात आहे. १८८२ मध्ये डॉयल यांनी पोर्टस्मथजवळ साउथसी येथे दवाखाना थाटला. रुग्णांची वाट पाहण्यात जाणारा वेळ त्यांनी लेखनात घालवला. होम्सची पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. अखेर अवघ्या २५ पौंडांत सर्व हक्क देऊन टाकावे लागले आणि १८८७ मध्ये एका नाताळ अंकात ती प्रसिद्ध झाली.

खरी लोकप्रियता लाभली ती जुलै १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात आलेल्या कथांमुळे. मात्र डॉयल यांचा जीव ऐतिहासिक कादंबऱ्यांत रमत असे. आपले खरे साहित्य तेच, अशी त्यांची धारणा होती. होम्समुळे त्याकडे दुर्लक्ष होत आहे असे वाटल्याने त्याला संपविण्याचा विचार त्यांनी त्याच वर्षी बोलून दाखविला. तेव्हा आईने त्यांना परावृत्त केले. डिसेंबर १८९३ मध्ये मात्र त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाख धबधब्यात लोटलेच. वाचक संतापले, अनेकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. वाचकांचा आग्रह आणि प्रकाशकांनी देऊ केलेले घसघशीत मानधन यांपुढे नमते घेऊन डॉयल यांनी १९०३ मध्ये या मानसपुत्राला पुन्हा जिवंत केले.

त्याच वर्षी इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात जॉर्ज एडलजी या तरुण वकिलाला अटक झाली. त्याचे वडील शापूरजी एडलजी ग्रेट वर्ली गावचे धर्मोपदेशक होते, तर आई इंग्रज. या कुटुंबाला निनावी पत्रांचा त्रास अनेक वर्षे सोसावा लागला होता. १९०३ मध्ये गावात रात्रीच्या वेळी गुराघोड्यांची पोटे फाडण्याचे प्रकार घडू लागले, तेव्हा पोलिसांचा संशय जॉर्जवर गेला. एका तट्टाला जखमी केल्याच्या आरोपावरून त्याला सात वर्षांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. तो तुरुंगात असतानाही जनावरांवरील हल्ले थांबले नाहीत. तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, कोणतेही कारण न देता त्याला सोडण्यात आले. मात्र दोषी हा शिक्का कायम राहिल्याने वकिलीचा मार्ग बंद झाला.

जॉर्जने डॉयल यांच्याकडे धाव घेतली. लंडनच्या एका हॉटेलात दोघे भेटले, तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांपाशी तिरपे धरून वाचत होता. नेत्रविकारांचा अभ्यास केलेल्या डॉयल यांना दूरवरूनच खूण पटली. इतक्या अधू दृष्टीचा माणूस काळोख्या रात्री रूळ आणि कुंपणे ओलांडून, पहारा चुकवून जनावरापर्यंत पोहोचणे अशक्यप्राय होते. डॉयल यांनी गावाला भेट दिली, कागदपत्रे तपासली आणि जानेवारी १९०७ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लेख लिहिले. वर्णद्वेषाकडेही त्यांनी स्पष्टपणे बोट दाखविले. सरकारने चौकशी समिती नेमली. मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली, पण निनावी पत्रे त्यानेच लिहिली असा ठपका ठेवून भरपाई नाकारण्यात आली. वकिलीचा परवाना मात्र परत मिळाला. या आणि अशाच आणखी एका गाजलेल्या खटल्यामुळे जनमत तापले. त्याची परिणती म्हणून इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापन करणारा कायदा १९०७ मध्येच झाला. सप्टेंबरमध्ये डॉयल यांचा दुसरा विवाह झाला, त्या समारंभाला जॉर्ज निमंत्रित म्हणून हजर होता.

दुसरी लढाई अधिक प्रदीर्घ ठरली. डिसेंबर १९०८ मध्ये ग्लासगोत मॅरियन गिलख्रिस्ट या वृद्धेचा खून झाला आणि ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू माणसाला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे ती जन्मठेपेत बदलली. त्याने गहाण टाकलेल्या दागिन्यावरून पोलिसांचा संशय त्याच्यावर गेला होता, पण तो दागिना वृद्धेचा नव्हताच, शिवाय खुनापूर्वीच गहाण पडलेला होता. डॉयल यांनी १९१२ मध्ये पुस्तिका लिहून तपासातील अशा विसंगती मांडल्या. सरकार हलले नाही. १९२५ मध्ये सुटलेल्या एका कैद्याने तोंडात लपवून आणलेली स्लेटरची चिठ्ठी डॉयल यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी पुन्हा कंबर कसली. सुमारे साडेअठरा वर्षांच्या कैदेनंतर १९२७ मध्ये स्लेटर सुटला, तर १९२८ मध्ये त्याची शिक्षा रद्द ठरली. मात्र सरकारी भरपाईतून खटल्याचा खर्च परत करण्याच्या प्रश्नावरून दोघांत वितुष्ट आले.

इतरांच्या खटल्यांत पुराव्याचा कीस काढणारे डॉयल अध्यात्मवादाच्या बाबतीत मात्र कमालीचे श्रद्धाळू ठरले. मृतात्म्यांशी संवाद साधता येतो, या मताचा जाहीर पुरस्कार त्यांनी १९१६ मध्ये केला. पुढे १९१८ मध्ये मुलगा किंग्जली व १९१९ मध्ये भाऊ इनेस आजारपणात दगावल्यावर तेच त्यांचे जीवितकार्य बनले. कॉटिंग्ले गावातील दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी मानली आणि १९२२ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. त्या पऱ्या कागदी कात्रणांच्या होत्या, ही कबुली त्या दोघींनी १९८३ मध्ये, वृद्धापकाळी दिली. या श्रद्धेपायी डॉयल यांनी मित्र गमावले, उपहास सोसला, पण माघार घेतली नाही. एडलजी आणि स्लेटर यांना उपयोगी पडला तो हाच हट्टी स्वभाव.

७ जुलै १९३० रोजी ससेक्समधील क्रोबरो येथील घरी त्यांचे निधन झाले. तोवर होम्सच्या चार कादंबऱ्या व ५६ कथा त्यांच्या नावावर जमा होत्या. एडिंबरामध्ये त्यांच्या जन्मस्थळाजवळ १९९१ मध्ये एक पुतळा उभारण्यात आला. तो डॉयल यांचा नाही, शेरलॉक होम्सचा आहे.