विचार करावयास शिकविणारा अध्यापक : हेन्री डेरोझिओ

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा रानडे, आगरकर, कर्वे ही नावे साहजिकच पुढे आली. ती तर आपल्या घरचीच नावे. तथापि ज्या कलकत्त्यात आपण ५० वर्षे मंडळाच्या निमित्ताने एकत्र नांदलो, जिथल्या शाळा-कॉलेजांत आपली मुले लहानाची मोठी झाली, त्या नगरीचेही काही ऋण आपल्यावर आहे. म्हणून ह्या खेपेस आम्ही येथेच जन्मलेल्या आणि येथल्याच मातीत विसावलेल्या एका अध्यापकाची जीवनकथा सांगण्याचे योजिले आहे. दक्षिण पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्या भिंतीवरून आपल्यापैकी कितीतरी जण नित्य ये-जा करतात. आत कोण निजले आहे ह्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ ह्यांचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात झाला. वडिलांचे घराणे पोर्तुगीज वंशाचे आणि आई इंग्रज. अशा मिश्र वंशाच्या लोकांना त्या काळी ना गोऱ्या साहेबांच्या पंक्तीत मान होता, ना एतद्देशीय समाजात जागा. वडील एका व्यापारी पेढीत हिशेबाचे काम पाहत. मुलाला त्यांनी धरमतल्ला येथे डेव्हिड ड्रमंड ह्या स्कॉटिश गृहस्थाच्या शाळेत घातले. ड्रमंड स्वतंत्र बुद्धीचे, वाचनाचे वेड असलेले शिक्षक होते. कोणतीही गोष्ट केवळ परंपरेने चालत आली म्हणून खरी मानू नये, हा संस्कार हेन्रीच्या मनावर तेथेच झाला.

चौदाव्या वर्षी शाळा संपली. प्रथम वडिलांच्या पेढीत कारकुनी आणि मग भागलपूरजवळ मावशीच्या यजमानांच्या निळीच्या कारखान्यात काम, असा पुढचा क्रम लागला. गंगाकाठच्या त्या एकांतात हा मुलगा कविता लिहू लागला व कलकत्त्याच्या 'इंडिया गॅझेट'मध्ये त्या छापून येऊ लागल्या. पहिला काव्यसंग्रह १८२७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढल्याच वर्षी 'जंघीराचा फकीर' हे दीर्घकाव्य. चितेवर चढू घातलेल्या एका विधवेची सुटका हा त्या काव्याचा विषय. सतीबंदीचा कायदा व्हावयास तेव्हा अद्याप एक वर्ष अवकाश होता. इंग्रजीतून लिहिणाऱ्या आद्य भारतीय कवींत त्यांची गणना होते. परंतु आमच्या दृष्टीने त्यांचे खरे कार्य कवितेत नाही, वर्गात आहे.

१८१७ साली कलकत्त्यातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांनी आपल्या मुलांना इंग्रजी विद्या मिळावी म्हणून हिंदू कॉलेज स्थापन केले होते. डेव्हिड हेअर ह्या घड्याळजीचा त्या खटाटोपात मोठा वाटा होता. पुढे १८५५ मध्ये ह्याच संस्थेचे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. १८२६ साली डेरोझिओंची तेथे साहित्य व इतिहास शिकविण्यासाठी नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे १७ वर्षांचे! पुढे त्यांच्याभोवती जमलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक त्यांच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान होते.

त्या काळची शिकविण्याची सर्वसाधारण रीत म्हणजे पाठ द्यावा, पाठ घ्यावा, आणि पाठ चुकेल त्याला शिक्षा करावी. डेरोझिओंनी ही रीत मोडली. ग्रंथातील उतारा वाचून झाला की त्याचा कर्ता काय सांगतो, ते त्याने कशाच्या आधारावर सांगितले, त्याविरुद्ध काय म्हणता येईल आणि शेवटी तुला स्वतःला काय पटते, असे प्रश्न ते विद्यार्थ्यांपुढे ठेवीत. इतिहासाचा तास हा सनावळीचा तास न राहता पुरावा पारखण्याचा तास होई. तासाची घंटा झाली तरी बोलणे संपत नसे. कॉलेज भरण्यापूर्वी व सुटल्यानंतर मुले त्यांच्याभोवती जमत आणि संध्याकाळी त्यांच्या घरीही जात.

त्यांच्या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणजे ईश्वराच्या अस्तित्वाचा वाद. स्कॉटिश तत्त्ववेत्ता ह्यूम ह्याच्या एका संवादरूप ग्रंथात ह्या विषयावर सूक्ष्म शंका घेतलेल्या आहेत. डेरोझिओंनी त्या शंका विद्यार्थ्यांपुढे मांडल्या. परंतु तेवढ्यावर न थांबता रीड आणि स्टुअर्ट ह्यांनी त्या शंकांना दिलेली उत्तरेही तितक्याच कसोशीने मांडली. आपल्या शास्त्रांत ह्यालाच पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणतात. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच समर्थपणे मांडता आल्याखेरीज त्याचे खंडन करण्याचा अधिकार पोहोचत नाही, हा आपल्या पंडितांचा जुना दंडक. त्याच आवारात संस्कृत कॉलेज होते व तेथे न्यायशास्त्राचे पाठ चालत असत. भिंतीपलीकडे जे सूत्रांतून शिकविले जात होते, तेच भिंतीअलीकडे हा तरुण अध्यापक इंग्रजी ग्रंथांतून शिकवीत होता. भेद इतकाच, की येथे निर्णय आधी ठरलेला नसे.

१८२८ च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांसाठी 'अकॅडेमिक असोसिएशन' नावाचे चर्चामंडळ काढले. माणिकतल्ला येथील एका बागेतल्या घरात त्याच्या सभा भरत. दैव आणि प्रयत्न, सत्याचे पावित्र्य, स्वदेशप्रीती, मूर्तिपूजा, पुरोहितवर्ग असे विषय वादाला घेतले जात. अध्यक्षस्थानी डेरोझिओ असत व डेव्हिड हेअर ऐकावयास येत. १८३० मध्ये विद्यार्थ्यांनी 'पार्थेनॉन' नावाचे पत्र काढले. त्यात स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार होता आणि न्यायदानाच्या वाढत्या खर्चावर टीका होती. एकच अंक वाचकांच्या हाती पडला. कॉलेजच्या चालकांनी दुसरा अंक बाहेर पडू दिला नाही.

इथवर सगळे गोड वाटते. परंतु ज्या घरांतून ही मुले येत, त्या घरांकडेही पाहिले पाहिजे. काल-परवापर्यंत संध्या करणारा मुलगा आज संध्येचा अर्थ विचारतो, देवघरात नमस्कार करावयास नकार देतो, मित्रांबरोबर निषिद्ध अन्न खातो आणि वडील रागावले की त्यांच्याशी वाद घालतो. कोर्टात साक्षीच्या वेळी रसिककृष्ण मल्लिक ह्या विद्यार्थ्याने गंगाजलाची शपथ घेण्याचे नाकारले, तेव्हा साऱ्या शहरात खळबळ उडाली. ह्या वडीलधाऱ्यांना केवळ सनातनी म्हणून हिणवणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. इंग्रजी शिक्षणासाठी पदरचे पैसे घालणारे हेच लोक होते. मुलाने नवी विद्या शिकावी, पण मुलगा आपलाच राहावा, इतकीच त्यांची इच्छा होती. कित्येकांनी आपली मुले कॉलेजातून काढून घेतली.

अखेर २३ एप्रिल १८३१ रोजी व्यवस्थापक समितीची बैठक झाली. त्या बैठकीत दोन प्रश्न विचारले गेले, आणि आमच्या मते डेरोझिओंच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग तो हाच. पहिला प्रश्न : हा मनुष्य तरुणांना शिकविण्यास अयोग्य आहे काय? राधाकांत देव, रामकमल सेन आदींनी तो अयोग्य असल्याचे मत दिले. हेअर आणि संस्कृतचे पंडित विल्सन ह्यांनी त्यांची बाजू घेतली. श्रीकृष्ण सिंह ह्यांनी तर निःशंकपणे त्यांना योग्य ठरविले. प्रसन्नकुमार ठाकूर ह्यांनी पुराव्याअभावी त्यांना दोषमुक्त मानले. इतर काहींना ऐकीव गोष्टींपलीकडे काहीच ठाऊक नव्हते. दोष सिद्ध होईना. तेव्हा दुसरा प्रश्न पुढे आला : लोकमताची सध्याची अवस्था पाहता त्यांना काढून टाकणे इष्ट आहे काय? हा प्रश्न हिंदू समाजाच्या भावनेचा म्हणून हेअर व विल्सन ह्यांनी मत दिले नाही. एकट्या श्रीकृष्ण सिंहांनी विरोध केला, आणि निर्णय झाला. अपराध सिद्ध न होताही शिक्षा ठरली.

विल्सन ह्यांच्या सूचनेवरून २५ एप्रिल रोजी डेरोझिओंनी राजीनामा पाठविला. परंतु आपल्यावरील आरोप सांगितला गेला नाही, साक्षीदार बोलाविले गेले नाहीत आणि बचावाची संधी दिली गेली नाही, हे नोंदवूनच. विल्सन ह्यांनी त्यांना खाजगीरीत्या तीन प्रश्न विचारले होते : तुम्ही ईश्वर मानीत नाही काय, आईबापांचा अवमान करावयास शिकविता काय, आणि भावाबहिणीच्या विवाहात काही गैर नाही असे शिकविता काय? दुसऱ्याच दिवशी डेरोझिओंनी सविस्तर उत्तर दिले. ईश्वर नाही असे आपण कोणापुढेही म्हटलेले नाही. ह्यूमच्या शंका आणि त्यांची उत्तरे ह्या दोन्ही बाजू विद्यार्थ्यांना दाखविणे हे मात्र आपण कर्तव्य मानले, असे त्यांनी सांगितले. वडिलांशी उद्धटपणे वागलेल्या एका विद्यार्थ्याला आपण क्षमा मागावयास सांगितले, आणि घर सोडून जाऊ पाहणाऱ्या दुसऱ्याला तसे न करण्याविषयी परावृत्त केले, हेही कळविले. तिसऱ्या आरोपाचा त्यांनी साफ इन्कार केला. जो अध्यापक पुरावा तपासल्यावाचून मत बनवू नका असे शिकवीत होता, त्याच्याविषयीचेच मत पुराव्यावाचून बनले होते.

नोकरी गेली तरी ते स्वस्थ बसले नाहीत. आपल्या मिश्रवंशीय समाजासाठी त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे वृत्तपत्र सुरू केले. त्याच साली ऑगस्टमध्ये त्यांच्या वर्तुळातील काही तरुणांनी कृष्णमोहन बॅनर्जी ह्यांच्या घरी गोमांस खाऊन उरलेले शेजाऱ्याच्या अंगणात फेकले. कृष्णमोहन स्वतः त्या वेळी घरी नव्हते, तरी त्यांना घर सोडावे लागले. शेजाऱ्याचे मन दुखविणे म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे; हा पोरकटपणा होता, आणि त्याचा बोल डेरोझिओंच्या शिकवणीलाही लागला. डिसेंबरात त्यांना पटकी झाली व २६ डिसेंबर १८३१ रोजी त्यांचा अंत झाला. वयाची २३ वर्षेही पुरी झाली नव्हती. अवघ्या ११ दिवसांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघाला. पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकविणारे बाळशास्त्रीही तेव्हा असेच कोवळ्या वयाचे होते.

शिक्षकाची परीक्षा त्याच्या शिष्यांवरून होते. कृष्णमोहन ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. रामतनू लाहिरींनी पुढे जानवे उतरविले आणि अध्यापनात आयुष्य वेचले. शिवचंद्र देव ब्राह्मसमाजात गेले. प्यारीचाँद मित्र ह्यांनी बंगालीतील आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक लिहिली व उतारवयात ते थिऑसॉफीकडे वळले. रामगोपाल घोष नामांकित वक्ते झाले. राधानाथ सिकदार त्रिकोणमितीय सर्वेक्षणात गणक होते. आज एव्हरेस्ट म्हणून ओळखले जाणारे शिखर जगात सर्वांत उंच आहे, हे १८५२ च्या सुमारास त्यांच्या आकडेमोडीने दिसून आले. सर्वेक्षणाच्या मजुरांना वेठीस धरणाऱ्या एका गोऱ्या मॅजिस्ट्रेटला १८४३ साली विरोध केल्याबद्दल त्यांनी दंडही सोसला. एकाच गुरूचे हे शिष्य, पण श्रद्धेच्या बाबतीत प्रत्येकाची वाट निराळी. डेरोझिओंनी स्वतःची मते मुलांच्या गळी उतरविली असती, तर हे सारे एकाच वाटेने गेले असते. आरोपाला ह्याहून चोख उत्तर आम्हांस दिसत नाही.

ही कथा आपल्या घरापासून दूर नाही. परप्रांतात राहून आपण गणपती बसवितो, गुढी उभारतो, घरात मराठी टिकवितो. कॉलेजात जाणारा मुलगा एके दिवशी विचारतो, हे सारे कशासाठी? त्या क्षणी हिंदू कॉलेजच्या चालकांची अस्वस्थता आपल्याही मनात दाटून येते. मुलाला गप्प बसविणे सोपे असते. पण गप्प बसलेला मुलगा पटलेला नसतो. आपण आपली बाजू कारणांसह मांडावी, त्याची बाजू शेवटपर्यंत ऐकावी, आणि निर्णय त्याच्यावर सोपविण्याचे धैर्य धरावे. त्यातून जे टिकेल ते त्याचे स्वतःचे असेल आणि म्हणूनच पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल. मंडळाची पुढील ५० वर्षे ज्यांच्या हाती आहेत, त्या आपल्या मुलांना घेऊन एखाद्या रविवारी पार्क स्ट्रीटच्या त्या समाधीपाशी आपण अवश्य जावे, एवढीच आमची विनंती आहे.