जॉन बन्यन व बेडफर्डचा तुरुंग

हरी केशवजी ह्यांनी इ. स. १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ ह्या नावाने जे पुस्तक मराठीत आणिले, त्याचा मूळ कर्ता जॉन बन्यन हा कोणी पंडित नव्हता. तो फुटक्या भांड्यांना डाख लावणारा खेड्यातील कारागीर होता. त्याच्या हयातीत इंग्लंडातील राज्य दोनदा पालटले, आणि दोन्ही वेळा राज्यकर्त्यांनी लोकांच्या उपासनेत हात घातला. अशा दिवसांत एका गरीब उपदेशकाने आपली विवेकबुद्धी कशी राखिली, हे वाचकांस कळावे म्हणून आम्ही त्याचे चरित्र थोडक्यात देत आहो.

बन्यन इ. स. १६२८ मध्ये बेडफर्ड शहराजवळील एल्स्टो गावी जन्मला. बापाचा धंदा हाच होता. मुलास लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण मिळाले. इ. स. १६४४ मध्ये त्याची आई व बहीण एका महिन्याच्या अंतराने वारल्या. त्या वेळी पहिला चार्ल्स राजा व पार्लमेंट ह्यांचे युद्ध चालू होते; बन्यन पार्लमेंटच्या फौजेत शिपाई झाला. पुढे इ. स. १६४९ च्या जानेवारीत राजाचा शिरच्छेद होऊन इंग्लंडात राजावाचून राज्य सुरू झाले, आणि इ. स. १६५३ त ऑलिव्हर क्रॉमवेल सर्वाधिकारी झाला.

ह्या अमलात स्वतंत्र मंडळ्यांना पुष्कळ मोकळीक मिळाली. पण ती सर्वांस नव्हती. जुने प्रार्थनापुस्तक वापरण्यास मनाई होती, रोमन कॅथलिकांस उघड उपासना करिता येत नसे, आणि क्वेकर पंथाचे अनेक लोक तुरुंगात पडले. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण आपल्या पक्षाचे राज्य असले म्हणजे शेजाऱ्याचे दुःख डोळ्यांस दिसेनासे होते.

बन्यनची पहिली पत्नी अत्यंत गरीब होती. तिने माहेराहून दोन धर्मपुस्तके तेवढी आणिली होती. ती वाचता वाचता त्याचे मन जागे झाले. पुष्कळ वर्षे अंतःकरणात झगडल्यावर तो बेडफर्डच्या मंडळीत आला. तिचा पाळक जॉन गिफर्ड हा पूर्वी राजाच्या फौजेत अधिकारी होता. युद्धात विरुद्ध बाजूंस असलेले दोघे आता एका मंडळीत बसू लागले! काही काळाने बन्यन खेडोपाडी उपदेश करू लागला.

क्रॉमवेल इ. स. १६५८ त मरण पावला. इ. स. १६६० च्या मे महिन्यात, इकडे खराडीच्या शेजारी पुण्यात शाएस्तेखानाने तळ दिला त्याच महिन्यात, तिकडे दुसरा चार्ल्स राजा लंडनात परत आला. ह्याच राजास पुढे पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली. धर्ममतासाठी कोणासही त्रास होणार नाही, असे आश्वासन त्याने येण्यापूर्वी दिले होते. ते टिकले नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बन्यन एका गावी उपदेशास गेला. पकडण्याचा हुकूम निघाल्याचे त्यास आधीच कळले होते. तरी तो पळाला नाही. उपदेशकच पळाला तर नवीन विश्वासी खचतील, असे त्यास वाटले. पुढल्या जानेवारीत लंडनात व्हेनर नावाच्या मनुष्याने धर्माच्या नावाने बंड केले, त्यामुळे सरकारास प्रत्येक सभेत बंडाचा संशय येऊ लागला. बन्यनने मात्र ह्या राजाविरुद्ध शस्त्र उचलले नव्हते, की कट केला नव्हता. उपदेश करणार नाही एवढे वचन दिले असते, तर तो घरी जाता. ते वचन त्याने दिले नाही.

घरी चार मुले होती. थोरली मुलगी जन्मांध. दुसरी पत्नी एलिझाबेथ गरोदर होती. अटकेच्या धक्क्याने ती अकाली प्रसूत झाली व मूल दगावले. तरीही इ. स. १६६१ च्या ऑगस्टात ती बाई न्यायाधीशांपुढे धैर्याने उभी राहिली आणि नवऱ्याची बाजू मांडली. न्यायमूर्ती हेल ह्यांनी कळवळ्याने ऐकिले, पण सुटका झाली नाही. बन्यन कोठडीत नाड्या तयार करून विकी व त्यावर कुटुंब पोशी. बाहेर कायदे अधिक कडक झाले. इ. स. १६६२ त सुमारे दोन हजार पाळकांस आपल्या जागा सोडाव्या लागल्या. दोन वर्षांनी, घरच्यांखेरीज पाचांहून अधिक माणसांनी राजमान्य पद्धतीबाहेर उपासनेस जमणे गुन्हा ठरले.

बारा वर्षांनी, इ. स. १६७२ त, राजाने हे कायदे तहकूब केल्यावर बन्यन सुटला व त्याच मंडळीचा पाळक झाला. मध्यंतरी त्यास पुन्हा काही महिने तुरुंगवास घडला. इ. स. १६७८ मध्ये त्याचे ते प्रसिद्ध पुस्तक छापून निघाले. इ. स. १६८८ च्या ऑगस्टात एका बापलेकांचा तंटा मिटवून तो पावसात घोड्यावरून लंडनास गेला, तापाने आजारी पडला आणि तेथेच वारला. पुढल्याच वर्षी, इ. स. १६८९ त, राजमंडळीबाहेरील प्रॉटेस्टंटांस उपासनेची कायदेशीर मोकळीक मिळाली. रोमन कॅथलिकांस मात्र ती आणखी पुष्कळ वर्षे मिळाली नाही.

खेड्यात काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनो, बन्यनजवळ पदवी नव्हती, पैसा नव्हता, वशिला नव्हता. राजसत्तेने त्याचा देह कोंडिला. त्याचे मन तिच्या हाती लागले नाही. पण ज्यास आपली विवेकबुद्धी एवढी मोलाची वाटते, त्याने शेजाऱ्याचीही तितकीच मोलाची मानावी, मग त्याची उपासना आपल्याहून वेगळी का असेना. बन्यनच्या काळी दोन्ही पक्ष हेच विसरले. आपल्या गावी आपण ते विसरू नये.