योहान सेबास्टियन बाख

गायनवादनाची आवड ही ईश्वराची देणगी आहे, असें आपण म्हणतों. परंतु ती देणगी लाभलेल्या मनुष्यास तिचें चीज करण्यासाठीं किती श्रम करावे लागतात, याचा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. ऑर्गन या वाद्याचा अद्वितीय वादक व यूरोपांतील श्रेष्ठ संगीतकार म्हणून ज्याचें नांव आज सर्वत्र आदरानें घेतलें जातें, त्या योहान सेबास्टियन बाख याचें चरित्र या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

बाखचा जन्म इ. स. १६८५ च्या मार्च महिन्याच्या २१ तारखेस जर्मनींतील आयझेनाख या गांवीं झाला. आपल्याकडे जशीं गवयांचीं व वादकांचीं घराणीं असतात, तसेंच बाख हें एक घराणें होतें. या कुळाचा मूळ पुरुष फाइट बाख हा पाव भाजण्याचा धंदा करीत असे. दळण घेऊन गिरणींत जातांना तो आपलें लहानसें तंतुवाद्य बरोबर नेई, आणि गिरणीचें चक्र फिरत असतां तें वाजवीत बसे. तालाचा धडा त्याला त्या घरघरींतच मिळाला असावा, असें सेबास्टियननें पुढें आपल्या कुळाची हकीकत लिहितांना कौतुकानें नमूद करून ठेविलें आहे. त्याच्या मागून पिढ्यानुपिढ्या या कुळांत वादक निपजले. एरफुर्ट शहरांत तर ते इतके झाले कीं, पुढें तेथील नगरवादकांस, ते त्या कुळांतले नसले तरी, लोक बाख म्हणूनच ओळखूं लागले. सेबास्टियनचे वडील आम्ब्रोझियस हेही आयझेनाख येथें नगरवादक होते. आठ भावंडांत सेबास्टियन सर्वांत धाकटा.

परंतु घरचें हें सुख त्याला फार दिवस लाभलें नाहीं. तो नऊ वर्षांचा असतां त्याची आई वारली, आणि वर्ष पुरें होण्याच्या आंतच वडिलांनींही इहलोक सोडला. पोरक्या सेबास्टियनला त्याच्या थोरल्या भावानें ओरड्रुफ या गांवीं आपल्या घरीं नेलें. हा भाऊ तेथील चर्चमध्यें ऑर्गनवादक असून, पाखेलबेल या नामांकित गुरूजवळ शिकलेला होता. त्यानें धाकट्या भावास वादनाचे पहिले पाठ दिले. परंतु मुलाची भूक त्या पाठांनीं भागेना.

भावाजवळ त्या काळच्या उत्तम संगीतकारांच्या रचनांची एक वही होती. ती आपल्याला द्यावी म्हणून सेबास्टियननें पुष्कळ विनवण्या केल्या. पण भावानें ती कपाटांत कुलपाखालीं ठेविली. कपाटाच्या दाराला जाळी होती. घरांतील माणसें निजलीं म्हणजे तो मुलगा आपला लहानसा हात जाळींतून आंत घाली, वही गुंडाळून बाहेर काढी, आणि दिवा मिळत नसल्यामुळें चांदण्यांत बसून ती उतरून घेई. सहा महिन्यांनीं नक्कल पुरी झाली. परंतु भावास तें कळतांच त्यानें ती काढून घेतली. ही हकीकत बाखच्या मृत्यूनंतर त्याचा एक मुलगा व एक शिष्य यांनीं लिहिलेल्या चरित्रलेखांत आली आहे. छापील संगीत त्या काळीं दुर्मिळ व महाग असे. चांगली रचना हवी असल्यास ती हातानें लिहून घ्यावी, हाच सामान्य मार्ग होता. सेबास्टियनच्या हातून कागद गेला. पण सहा महिने एकेक स्वर निरखून लिहितांना जें मनांत उतरलें, तें कोणास काढून घेतां आलें नाहीं.

इ. स. १७०० मध्यें, पंधरावें वर्ष पुरें होत असतां, भावावर भार नको म्हणून तो एर्डमान नांवाच्या सोबत्याबरोबर उत्तरेकडील ल्यूनेबुर्ग या दूरच्या शहरीं गेला. तेथील शाळेंत गोड गळ्याच्या गरीब मुलांना गायकवृंदांत घेऊन फुकट शिकवीत असत. कांहीं दिवसांनीं वयपरत्वें त्याचा आवाज फुटला. परंतु हातांत वाद्य होतें, म्हणून निभाव लागला. सुट्टी मिळाली कीं तो राइंकेन या वृद्ध वादकाचें वादन ऐकण्यासाठीं हांबुर्गला जाई. अठराव्या वर्षीं आर्नस्टाट या गांवच्या नव्या ऑर्गनची परीक्षा करण्यास त्याला बोलावण्यांत आलें, आणि त्याचें वादन ऐकून गांवकऱ्यांनीं त्यालाच तेथें नेमिलें.

ऑर्गन म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपल्या भजनांत वाजणारी बाजाची पेटी ही त्याची दूरची आप्त आहे. दोहोंतही भात्याची हवा व बोटांखालच्या पट्ट्या असतात. परंतु पेटींत ती हवा पितळेच्या बारीक जिभांना कांपविते, तर मोठ्या ऑर्गनांत ती धातूच्या व लांकडाच्या नळ्यांत शिरते, आणि बहुतेक नळ्या पाव्याप्रमाणें बोलतात. कांहीं नळ्या बोटाहूनही लहान, तर कांहीं सोळा, क्वचित् बत्तीस फूट उंच असतात. निरनिराळ्या ध्वनींच्या नळ्यांच्या वेगळाल्या ओळी असून, वादकाजवळच्या खुंट्या ओढून हवी ती ओळ चालूं करितां येते. हातांसाठीं पट्ट्यांच्या एकावर एक अशा दोन-तीन रांगा, आणि पायांसाठीं खालीं निराळी रांग असते. बाखच्या काळीं भाते हलविण्यासाठीं माणसें उभीं करावीं लागत. आपल्या संगीतांत एकच स्वरधारा रागाच्या नियमानें विस्तार पावते. यूरोपीय संगीतांत तीन-चार धारा एकाच वेळीं स्वतंत्रपणें चालून एकमेकींशीं जुळाव्या लागतात. या सर्व धारा दोन हात व दोन पाय यांनीं सांभाळणें हें ऑर्गनवादकाचें काम, आणि यांत बाखची बरोबरी करणारा त्या काळीं विरळा होता.

नोकरी मिळाली म्हणून त्याचें शिकणें संपलें नाहीं. इ. स. १७०५ च्या हिवाळ्याच्या तोंडीं त्यानें चार आठवड्यांची रजा घेतली, आणि ल्यूबेक येथील बुक्स्टेहूडे या थोर वादकाचें वादन ऐकण्यासाठीं सुमारें अडीचशें मैल पायीं चालत गेला. तेथें तो इतका रमला कीं, चार आठवड्यांचे चार महिने झाले. परत येतांच वरिष्ठांनीं त्याला जाब विचारला. शिवाय उपासनेच्या गीतांना साथ करितांना तो इतके अनोळखी स्वर मिसळतो कीं, मंडळीचा गोंधळ होतो, अशीही तक्रार झाली. बाखचा स्वभाव तापट व हट्टी होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. पुढें वायमार येथील राजदरबारीं नऊ वर्षें चाकरी केल्यावर त्यानें दुसरीकडे जाण्याची परवानगी इतक्या हट्टानें मागितली कीं, तेथील अधिपतीनें त्याला इ. स. १७१७ मध्यें सुमारें चार आठवडे अटकेंत ठेविलें, आणि मग नाराजीनें सोडून दिलें.

तेथून तो क्योथेन येथील राजपुत्र लेओपोल्ड याच्या पदरीं वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. हा राजपुत्र स्वतः वादक असून गुणांचा चाहता होता. येथें बाखनें व्हायोलिन व इतर वाद्यांसाठीं अनेक उत्कृष्ट रचना केल्या. परंतु इ. स. १७२० मध्यें तो धन्याबरोबर परगांवीं गेला असतां घरीं त्याची पत्नी मारिया बार्बरा वारली. तो दाराशीं आला, तों तिची माती होऊन गेलेली. पुढच्या वर्षीं त्यानें आना माग्डालेना नांवाच्या गुणी गायिकेशीं विवाह केला. तिनें सावत्र मुलांना आपलें मानिलें, आणि पतीच्या रचनांच्या स्वच्छ नकला करण्याचें काम वर्षानुवर्षें केलें. दोन्ही विवाहांपासून बाखला वीस अपत्यें झालीं. त्यांपैकीं दहाच मोठेपणीं हातीं लागलीं.

इ. स. १७२३ मध्यें त्याला लाइप्झिग येथील सेंट थॉमस शाळेंत संगीतशिक्षकाची जागा मिळाली. तीही आधीं दुसऱ्यांना देऊं केली असून, तें जमलें नाहीं म्हणून मिळाली. मुलांना शिकविणें, रविवारच्या उपासनेसाठीं नवें संगीत रचणें, तें बसवून घेणें, अशा कामांत त्याचीं उरलेलीं सत्तावीस वर्षें गेलीं. मिळकतीचा कांहीं भाग अंत्यविधींच्या संगीतावर अवलंबून असे. हवा निरोगी असली कीं प्राप्ति घटते, असें गाऱ्हाणें त्यानें आपला बाळपणचा सोबती एर्डमान यास लिहिलेल्या पत्रांत केलें आहे.

बाख जितका मोठा वादक, तितकाच मोठा शिक्षक होता. नव्या शिष्याकडून तो कित्येक महिने केवळ बोटांचे पलटे घोटून घेई. शिष्य कंटाळला असें दिसलें, तर तेच पलटे ज्यांत गुंफलेले आहेत अशा लहान गोड रचना त्याच्यासाठीं लिहून देई. पूर्वींचे वादक आंगठ्याचा उपयोग क्वचितच करीत. बाखनें आंगठ्यास इतर बोटांच्या बरोबरीनें कामास लाविलें. इ. स. १७२२ मध्यें त्यानें सर्व चोवीस स्वरश्रेणींतील रचनांचें एक पुस्तक तयार केलें, तेंही शिकणाऱ्या मुलांच्या उपयोगासाठीं. वाद्याची पारखही तशीच. नवीन ऑर्गन तपासतांना तो प्रथम सर्व खुंट्या ओढून पूर्ण शक्तीनें वाजवी, आणि वाद्याचीं फुप्फुसें बळकट आहेत कीं नाहींत तें आधीं पाही. कौशल्याचें रहस्य विचारिल्यास, मी उद्योगी होतों, जो इतकाच उद्योग करील तोही इतकेंच साधील, अशा अर्थाचें उत्तर तो देई, असें सांगतात.

उतारवयांत त्याची दृष्टि मंद झाली. इ. स. १७५० मध्यें एका फिरत्या इंग्रज वैद्यानें त्याच्या डोळ्यांवर दोनदां शस्त्रक्रिया केली; परंतु दृष्टि तर गेलीच, प्रकृतीही ढांसळली. त्याच वर्षीं जुलैच्या २८ तारखेस त्याचें देहावसान झालें. त्याच्या थडग्यावर नांवाचा दगडही नव्हता. आना माग्डालेना पुढें दहा वर्षें जगली, तीं दानधर्मावर. रचनांचे कागद मुलांनीं वांटून घेतले. कार्ल फिलिप इमान्युएल या मुलानें आपला वांटा जिवापाड जपला. थोरल्या मुलाच्या हातून मात्र पुष्कळ कागद विकले व हरवले गेले. लोकांच्या स्मरणांत बाख हा एक कुशल वादक म्हणून उरला; त्याचें संगीत जुन्या चालीचें म्हणून मागें पडलें.

तथापि तें नष्ट झालें नाहीं, याचें कारण नकला. त्याचे शिष्य गांवोगांवीं ऑर्गन वाजवीत होते, आणि त्यांच्याजवळच्या वह्या त्यांचे शिष्य उतरून घेत होते. तें चोवीस श्रेणींचें पुस्तक इ. स. १८०१ पर्यंत छापलें गेलें नव्हतें. तरी त्याच्या बरेंच आधीं बॉन शहरांतील बेथोवेन नांवाचा मुलगा तें वाजवीत असे. पुढें मेंडेल्सझोन या तरुण संगीतकारास त्याच्या आजीनें, मत्तयाच्या शुभवर्तमानावरून बाखनें रचिलेल्या ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या संगीताची हस्तलिखित प्रत भेट दिली. इ. स. १८२९ च्या मार्चच्या ११ तारखेस, अवघ्या विसाव्या वर्षीं, त्यानें तें बर्लिन येथें गाऊन घेतलें. श्रोते थक्क झाले, आणि बाखच्या कीर्तीचा पुनर्जन्म झाला. इ. स. १८५० मध्यें त्याच्या समग्र रचना छापण्याचें काम सुरू झालें, तें पुरें होण्यास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. त्याच्या उपलब्ध रचनांची संख्या आज हजारांहून अधिक मोजतात.

विद्यार्थ्यांनो, चांदण्यांत लिहिलेली ती पहिली नक्कल एका लहान मुलाच्या हातून हिरावून घेण्यांत आली. पण जगांत त्याचें संगीत उरलें तें इतरांनीं तशाच निष्ठेनें केलेल्या नकलांमुळें. गुरूजवळून मिळालेला पाठ स्वतःच्या हातानें उतरून घ्यावा, तो घोटावा, आणि मागून येणाऱ्यास न लपवितां द्यावा; विद्या जिवंत राहते ती अशानेंच. मग ती ऑर्गनची असो, सतारीची असो, कीं आपल्या वर्गांतील साध्या गणिताची असो.