सर विल्यम रॅम्से

प्रतिवर्षीं हवेचा धडा आला म्हणजे आम्ही फळ्यावर तिचे घटक लिहितों : नत्रवायु शेंकडा ७८ भाग, प्राणवायु २१ भाग. बेरीज ९९ होते. उरलेला एक भाग कोणता, असें एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारतो, व बाकीचे त्याच्याकडे पाहून हंसतात. परंतु प्रश्न हंसण्याजोगा नाहीं. कर्बाम्लवायूचा अंश त्यांत अगदींच थोडा आहे. बाकीचा जवळजवळ सर्व भाग ज्या वायूचा आहे, त्याची ओळख १८९४ सालापर्यंत जगांत कोणासही नव्हती. ज्या पुरुषानें त्यास ओळखण्यांत मोठा वाटा उचलला, त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विल्यम रॅम्से यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५२ रोजीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. वडील इंजिनियर होते. घराणें धर्मनिष्ठ असल्यामुळें रविवारची उपासना कधीं चुकत नसे. उपदेश फार लांबला म्हणजे हा मुलगा फ्रेंच किंवा जर्मन भाषेंतील बायबल उघडून बसे, व परिचित वचनांच्या आधारें त्या भाषा शिके, असें त्यांच्याविषयीं सांगतात. पुढें फुटबॉल खेळतांना त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या शोभेची दारू कशी करावी हें कळावें म्हणून त्यांनीं रसायनशास्त्राचा एक ग्रंथ वाचावयास घेतला, आणि त्या शास्त्राची गोडी त्यांना जी लागली ती जन्मभर सुटली नाहीं. १८७२ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवून ते स्वदेशीं परतले. १८८० सालीं ब्रिस्टल येथें व १८८७ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत ते प्राध्यापक झाले. कांच तापवून फुंकण्याची कला त्यांनीं कारागिराप्रमाणें हस्तगत केली होती. प्रयोगास लागणारीं नाजूक पात्रें व नळ्या ते स्वतःच्या हातानें करीत.

ह्याच सुमारास लॉर्ड रॅले हे वायूंचें वजन अत्यंत काळजीपूर्वक करीत होते. हवेंतून प्राणवायु वगैरे काढून टाकल्यावर उरलेल्या एक लिटर नत्रवायूचें वजन त्यांना १.२५७२ ग्रॅम आढळलें. परंतु अमोनियासारख्या पदार्थांपासून केलेल्या तितक्याच नत्रवायूचें वजन १.२५०५ ग्रॅम भरलें. फरक सहा-सात मिलिग्रॅमांचा, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याहूनही हलका! दुसऱ्या कोणीं तो तराजूचा दोष मानून दोन्ही आंकड्यांची सरासरी काढली असती. रॅले यांनीं तसें केलें नाहीं. १८९२ सालीं त्यांनीं ही अडचण जाहीरपणें विद्वानांपुढें मांडली. रॅम्से यांनीं ती मनावर घेतली. तप्त मॅग्नेशियम नत्रवायु शोषून घेतें. त्यावरून हवेंतील नत्रवायु पुनःपुन्हां नेला असतां तो घटत गेला, परंतु शेवटीं थोडासा वायु कशांतही न मिळतां शिल्लक राहिला. त्याचा वर्णपट पाहतां त्यांत कोणत्याही परिचित वायूच्या नव्हेत अशा रेषा दिसल्या. ऑगस्ट १८९४ मध्यें दोघांनीं मिळून हा शोध ऑक्सफर्ड येथें जाहीर केला. कोणाशींही संयोग न पावणाऱ्या ह्या वायूस त्यांनीं ग्रीक भाषेंतील आळशी ह्या अर्थाच्या शब्दावरून आर्गन हें नांव दिलें. नवल हें कीं, १७८५ सालीं कॅव्हेंडिश ह्यांच्या प्रयोगांतही असाच एक बुडबुडा उरला होता. त्यांनीं त्याची नोंद ठेविली, पण पुढें त्याकडे कोणीं पाहिलें नाहीं.

दुसऱ्या शोधाचा धागा आपल्या देशांतून गेलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं फ्रेंच ज्योतिषी जान्सें यांनीं गुंटूर येथून, व लेफ्टनंट हर्शेल यांनीं पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांतून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षीं इंग्लंडांत लॉकियर यांनीं त्या ज्वालांतील पिवळी रेषा सोडियमची नव्हे असें मोजून दाखविलें, व तिच्या धन्यास सूर्यावरून हेलियम हें नांव मिळालें. पृथ्वीवर मात्र तो कोणास सांपडेना. अमेरिकेंतील एका रसायनज्ञानें युरेनियमच्या खनिजांतून निघालेला वायु हातीं येऊनही तो नत्रवायु समजून सोडून दिला होता. १८९५ सालीं रॅम्से यांनीं तशाच खनिजांतील वायु आर्गनच्या शोधार्थ तपासला, तों तीच सूर्यावरील पिवळी रेषा समोर उभी!

पुढें १८९८ सालीं ट्रॅव्हर्स ह्या आपल्या साहाय्यकासह त्यांनीं द्रवरूप हवा हातीं घेतली. हवा अतिशय थंड केली म्हणजे ती पाण्यासारखी पातळ होते, व हळूहळू तापूं दिली असतां तिचे घटक आपापल्या उष्णमानास निरनिराळे उकळून निघतात. अशा रीतीनें थोड्याच आठवड्यांत क्रिप्टन, निऑन व झेनॉन हे तीन नवे वायु त्यांस लाभले. हवेच्या दहा लक्ष भागांत क्रिप्टन जेमतेम एक भाग असतो. ह्यावरून त्या परिश्रमाची कल्पना यावी.

१९०० सालीं रॅम्सेसाहेब हिंदुस्थानांत आले. मुंबईचे जमशेटजी टाटा यांनीं संशोधनाच्या संस्थेसाठीं सुमारें ३० लक्ष रुपयांची मिळकत देऊं केली होती. ती संस्था कोठें असावी हें पाहण्यास त्यांस पाचारण झालें होतें. देशभर फिरून त्यांनीं बंगलोरची शिफारस केली. टाटा १९०४ सालीं वारले. संस्था १९०९ सालीं स्थापन झाली, आणि ट्रॅव्हर्स हे तिचे पहिले संचालक झाले. १९०४ सालींच रॅले यांस पदार्थविज्ञानाचें व रॅम्से यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु चरित्रकारानें दुसरी बाजू झांकूं नये. १९०३ सालीं रेडियमपासून हेलियम उत्पन्न होतो हें रॅम्से यांनीं सॉडी यांच्या साह्यानें दाखविलें, व तें खरें ठरलें. त्या यशाच्या भरांत १९०७ सालीं, रेडियमच्या वायूनें तांब्याचें लिथियम होतें, असें त्यांनीं जाहीर केलें. पुढील वर्षीं मादाम क्यूरी व कुमारी ग्लेडिट्श यांनीं कांचेऐवजीं प्लॅटिनमचीं भांडीं घेऊन तोच प्रयोग केला. लिथियम मिळालें नाहीं. तो अंश कांचेच्या भांड्यांतूनच आलेला होता. ज्यांनीं अल्प अवशेषावरून कीर्ति मिळविली, त्यांनाच अल्प अवशेषानें फसविलें. २३ जुलै १९१६ रोजीं ते निवर्तले.

आज यात्रेंतील फुगा हेलियमनें भरला असतां उज्जवायूप्रमाणें पेट घेत नाहीं, आणि पोलाद सांधणारा कारागीर तापलेल्या सांध्यावर आर्गनचें पांघरूण घालतो. ही रॅम्से यांचीच देणगी होय. पण आमच्या वाशीमच्या विद्यार्थ्यांनीं तिजहून मोलाची एक गोष्ट त्यांच्यापासून घ्यावी. प्रयोगवहींत आपला आंकडा पुस्तकांतील उत्तराशीं जुळत नाहीं असें दिसतांच तो खोडून पुस्तकी आंकडा लिहिण्याची खोड आम्ही दरवर्षीं पाहतों. मुलांनो, तो आंकडा खोडूं नका. प्रथम आपलें भांडें तपासा, मग पुन्हां वजन करा. आणि तरीही फरक राहिला, तर तो जसाच्या तसा लिहून गुरुजींपुढें ठेवा. फरक चुकीचा निघाला तर चूक कळेल, खरा निघाला तर ज्ञान वाढेल. परमेश्वराच्या सृष्टींत कांहीं थोर सत्यें शेवटच्या आंकड्यांत लपलेलीं असतात, आणि तीं प्रामाणिक हातासच सांपडतात.