माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन

आमच्या मेहरूणच्या मुलांस धुळें शहर परकें नाहीं. त्या शहराची नवी वसाहत इ. स. १८१९ सालीं कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनीं वसविली. ते त्या वेळीं खानदेशचा कारभार पाहात, व त्यांचे वरिष्ठ होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. ब्रिग्ज यांनीं आपल्या या वरिष्ठाची एक गोष्ट सांगून ठेविली आहे. ती कळावी म्हणून आधीं त्यांचें चरित्र थोडक्यांत देतों.

एल्फिन्स्टन यांचा जन्म स्कॉटलंडांतील सरदार घराण्यांत ६ ऑक्टोबर १७७९ रोजीं झाला. १७९६ सालीं ते कंपनीच्या नोकरीवर कलकत्त्यास आले. १८०३ मध्यें असईच्या लढाईंत ते जनरल वेलस्ली यांच्याबरोबर होते. पुढें नागपूरची वकिली करून १८०८ सालीं ते काबूलच्या शहाकडे शिष्टाईस निघाले, आणि त्या मुलखाची माहिती जमवून त्यांनीं १८१५ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला.

१८११ पासून ते पुण्यास रेसिडेंट होते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारांतील खलबतें हेरांमार्फत त्यांच्या कानीं येत. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं ते संगमावरील बंगला सोडून खडकीच्या फौजेस मिळाले. मागें बंगला जळाला, व त्यांची प्रिय पुस्तकेंही जळालीं. खडकीस पेशव्यांचा मोड झाला आणि पुढील वर्षीं राज्य बुडालें. तें बुडविणाऱ्यांत हा पुरुष अग्रणी होता, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं.

१८१९ ते १८२७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. खानदेशांत भिल्लांस केवळ बळानें न चिरडतां त्यांचीच पलटण उभारावी, हें धोरण त्यांच्याच अमदानींत ठरलें. १८२५ सालीं औट्रॅम यांनीं धरणगांवीं ती पलटण उभी केली. पेशव्यांच्या दक्षिणाफंडांतून १८२१ मध्यें पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. मुंबईस १८२२ मध्यें शाळा व शालेय पुस्तकें यांसाठीं मंडळी स्थापन झाली, तिचे अध्यक्ष तेच होते.

आतां ती गोष्ट. एकदां ब्रिग्ज यांस त्यांच्या तंबूच्या कोपऱ्यांत छापील मराठी पुस्तकांचा ढीग दिसला. हीं कशासाठीं, असें त्यांनीं विचारलें. येथील लोकांस शिकविण्यासाठीं. मात्र हीच आम्हां इंग्रजांची युरोपास परतण्याची वाट आहे, असें एल्फिन्स्टन यांनीं उत्तर दिलें. मग गव्हर्नर असून आपण हें काम कां आरंभिलें, असें ब्रिग्ज यांनीं आश्चर्यानें विचारतांच, कांहीं झालें तरी या लोकांविषयींचें आपलें कर्तव्य केलेंच पाहिजे, असें ते म्हणाले.

ते स्वदेशीं निघाले तेव्हां मुंबईकरांनीं त्यांच्या नांवें अध्यापकांसाठीं दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. त्यांतून वाढलेल्या विद्यालयांत दादाभाई नौरोजी व न्यायमूर्ति रानडे शिकले. पुण्याच्या पाठशाळेंतून पुढें डेक्कन कॉलेज झालें, व तेथें टिळक शिकले. गव्हर्नर-जनरलचें पद एल्फिन्स्टन यांनीं दोनदां नाकारलें आणि ‘हिंदुस्थानचा इतिहास’ लिहिला. १८५७ सालीं मुंबईस विद्यापीठ झालेलें ऐकून २० नोव्हेंबर १८५९ रोजीं त्यांनीं देह ठेविला.

ज्या पुस्तकांनीं आपली सत्ता जाईल असें दिसत होतें, तींच त्यांनीं छापविलीं. आणि १९४७ सालीं त्यांचा अंदाज खरा ठरला. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातांतील मराठी पुस्तक त्याच ढिगाचें वंशज आहे. तें उघडतांना ही गोष्ट तुम्हांस आठवावी, एवढीच आमची इच्छा.