कॉम्पॅक्ट की डीएसएलआर? उत्तर दादासाहेब फाळक्यांच्या कॅमेऱ्यात

ट्रेकला निघालो की ग्रुपमध्ये एक प्रश्न हमखास येतो. छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा पुरेल की डीएसएलआर घ्यावा? मेगापिक्सेल तर दोन्हींचे जवळपास सारखे, मग किमतीत एवढा फरक कशाला? मी नाशिकचा, त्यामुळे मला उत्तर द्यायला आमच्याच भागातला माणूस आठवतो: धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे शास्त्री. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तिथून बडोद्याच्या कलाभवनात. १८९० मध्ये त्यांनी पहिला कॅमेरा घेतला. पुढे गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय मांडला, पण प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोघंही गेले. बडोद्याला परत येऊन पुन्हा सुरुवात केली, तर लोकांची समजूत अशी की कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो! गिऱ्हाईकच येईना. दिवसाला पन्नास सेल्फी काढणाऱ्या आपल्याला हे खरं वाटणार नाही, पण त्यांचा धंदा यानेच बसला.

मधली वर्षं भरभर सांगतो. १९०२ मध्ये दुसरं लग्न, पत्नी सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफरची नोकरी, ती सोडून लोणावळ्यात छपाईचा उद्योग, १९०९ मध्ये रंगीत छपाईसाठी जर्मनीची वारी. मग भागीदारांशी बिनसलं आणि छापखानाही सुटला.

१९११ च्या ईस्टरला गिरगावात त्यांनी येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि आपल्या देवांचे सिनेमे काढायचं डोक्यात घेतलं. रोज तासन्‌तास सिनेमे बघणं, रात्री प्रयोग, झोप नाही. डोळ्यांनी दगा दिला, दिसणं जवळपास बंद झालं. उपचार आणि चष्म्यांमुळे नजर परत आली. ज्याचं सगळं आयुष्य बघण्यावर उभं, त्याने यानंतर काय करावं? विमा पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट पकडली. तिथे ५० पौंडांत विल्यमसन कंपनीचा सिने-कॅमेरा ठरवला, सोबत कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिला भोकं पाडायचं यंत्र.

आता टेक्निकल भाग. ३५ मिमी मूक फिल्मची एक फ्रेम साधारण २४ बाय १८ मिमी असायची. आजच्या बहुतेक स्वस्त डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमी, म्हणजे जवळपास तेवढाच. आणि साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर? सुमारे ६.२ बाय ४.६ मिमी. क्षेत्रफळ काढलंत तर डीएसएलआरचा सेन्सर तेरापट मोठा निघतो. पावसात ताट ठेवलं आणि वाटी ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल? प्रकाशाचं तसंच. म्हणून दुपारच्या उन्हात दोन्ही कॅमेरे सारखे वाटतात, पण संध्याकाळी हॉलमध्ये कॉम्पॅक्टचा फोटो दाणेदार होतो. मेगापिक्सेल म्हणजे त्याच वाटीचे किती कप्पे केले एवढंच.

फाळक्यांकडे ताट होतं, पण त्यावरची फिल्म फार मंद. आपल्या भाषेत आयएसओ अगदी कमी, त्यात लाल रंग तिला काळा दिसायचा. त्यामुळे काम सगळं उन्हावर. पांढऱ्या चादरी धरून उजेड चेहऱ्यावर वळवायचं काम सरस्वतीबाई करायच्या. रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं, हेही त्याच. माझ्या मते त्या काळचं 'इमेज प्रोसेसिंग' हेच!

सिनेमाला पैसे हवे होते, पण न बघितलेल्या गोष्टीवर कोण पैसे लावणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त त्याची वाढ टिपली. मिनिटभरापेक्षा थोडी मोठी फिल्म झाली, 'अंकुराची वाढ'. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर मिनिटाला ९६०, म्हणजे दिवसाला तीसेक (हिशोब माझा). तुमच्या फोनमधला टाइमलॅप्स हाच. हा डेमो बघून कर्ज मिळालं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

डीएसएलआरमधला आरसा लेन्समधून येणारं दृश्यच तुमच्या डोळ्यापर्यंत आणतो, त्यामुळे चौकटीत काय येतंय ते नेमकं कळतं. त्या काळच्या बहुतेक सिने-कॅमेऱ्यांत चित्रण चालू असताना लेन्समधून बघताच यायचं नाही. आधी फोकस लावा, मग अंदाजाने हँडल फिरवा. फाळक्यांचे त्र्यंबकचे मित्र त्र्यंबक तेलंग त्यांच्याकडूनच हे शिकले आणि 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी चित्रित केला. ३,७०० फूट फिल्म! चुकलं तर डिलीट नाही, धुतल्यावरच कळणार. सिनेमा ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि चालला.

त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड नाशिकला आणलं. 'मोहिनी भस्मासूर' इथलाच. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी.

मग बोलपट आले. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचा वेग थोडा कमीजास्त झाला तरी मूकपटात खपून जायचं. आवाजाला सेकंदाला अगदी २४ फ्रेम लागतात, म्हणजे मोटर हवी, आणि कॅमेऱ्याची खडखड माइकपर्यंत पोहोचताही कामा नये. वीस वर्षांत हाताला बसलेलं वळण एकदम निरुपयोगी झालं. 'सेतुबंधन' आधी मूक काढला, मग त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूरला 'गंगावतरण' केला, तो एकच खरा बोलपट आणि शेवटचा. त्यानंतर ते नाशिकलाच राहिले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी इथेच गेले.